आरोळी आणि अभंग

आमच्या सावेडीत दुपारची झोप ही मोठी पवित्र गोष्ट मानली जाते. त्यामुळे शेजारच्या चिरंजिवांनी घरात दोन गिटारी आणल्या, तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलणे जवळजवळ टाकले होते. एका रविवारी मात्र स्वारी स्वतःच दारात उभी राहिली.

"सर, आमच्या चौघांची पहिली चार गाणी. ख्रिस्ती मेटलकोअर. ऐकून खरे काय ते सांगा."

मुलगा गेला आणि पाठोपाठ त्याचे वडील आले. देवळात वीस वर्षे पेटी वाजवणारे हे गृहस्थ हलक्या आवाजात म्हणाले, "सर, चांगले नाही म्हणा. तुमचे ऐकेल तो. यात प्रभूचे नाव तरी कळते का?"

आली का पंचाईत! शिकवायचे मराठी आणि निवाडा करायचा आरोळ्यांचा!

रात्री दार लावून ऐकायला बसलो. हेवी मेटलचे वजन आणि हार्डकोअरची आरोळी यांचा हा संसार. मधेच धावती लय एकदम जड पावलांनी चालू लागते. त्याला म्हणे 'ब्रेकडाउन' म्हणतात. ती जागा मुलांना छान साधली होती. गजर शिगेला पोचवून कीर्तनकार एकाएकी थांबतो ना, तशी! दोन्ही गिटारींचे एकमेकींशी बोलणेही गोड होते. परंतु ढोल संगणकावरचे. प्रत्येक ठोका सारख्याच वजनाचा, टंकलेखनासारखा. चारही गाण्यांचा आराखडा एकच. आणि ज्या शब्दांसाठी हा सारा खटाटोप, ते इंग्रजी शब्दच आरोळीत बुडालेले. वडिलांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते.

तिसऱ्या गाण्याच्या शेवटी मात्र मी दचकलो. सगळे वाजणे थांबले आणि दुरून पेटी ऐकू आली. पलीकडच्या खोलीत रोज सकाळी वाजते, तीच! पोराने बापाला न सांगता ती टिपून घेतली होती.

नगरला हा वाद तसा जुनाच. १८३१ साली येथे अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. पुढे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत आणली. आज ती गीते 'उपासना संगीता'त मानाने बसली आहेत. पण प्रार्थनेत टाळ-चिपळ्या कशाला, असे तेव्हा कोणाच्याच मनात आले नसेल काय?

दुसऱ्या दिवशी दोघांना समोर बसवले आणि गुणदोष जसेच्या तसे सांगितले. मुलाचा चेहरा उतरला. म्हणालो, "अरे, तूच ना मला पेनसिल्व्हेनियातल्या 'ऑगस्ट बर्न्स रेड'चे सांगितलेस? २००५ साली 'थ्रिल सीकर' हा त्यांचा पहिला अल्बम; दोन वर्षांनी 'मेसेंजर्स' आला तो नव्या गायकाचा आवाज घेऊन. पहिला खर्डा म्हणजे काही पुस्तक नव्हे. आता एक गाणे मराठीत लिही. शब्द कळू देत." मग वडिलांना ती पेटीची जागा ऐकवली.

ते बराच वेळ बोलले नाहीत. शेवटी एवढेच म्हणाले, "दुसरा सूर थोडा उतरला आहे. पुन्हा वाजवायला हवे."

त्या दिवसापासून पलीकडे गिटारींच्या जोडीला पेटीही वाजते — तीही नेमकी दुपारी दोन वाजता! तक्रार करायची कोणाकडे? निवाडा माझाच ना!