कंटेनरच्या आत-बाहेर

अंबडच्या एका कारखान्यात मी देखभाल विभागात आहे. स्टोअरमधल्या सुट्या भागांचा हिशेब ठेवणारी छोटी प्रणाली मीच लिहिली होती. तिची नवी आवृत्ती तपासायची, पण चालू आवृत्तीला धक्का लावायचा नाही, अशी अडचण होती. लॅपटॉप चार जीबी रॅमचा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये दुसरं उबुंटू चालू केलं की निम्मी रॅम तिथेच संपायची. इंजिनिअरिंगला असलेली भाची म्हणाली, "मामा, डॉकर टाका ना. एक कमांड दिली की झालं."

डॉकर म्हणजे प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन. टाकलं, चाललंही. पण मोटार फिरली म्हणजे पॅनेलमधलं वायरिंग कळलं असं नसतं. म्हणून डॉकर बाजूला ठेवलं आणि लिनक्समध्ये मुळातच असलेली 'अनशेअर' ही कमांड घेऊन बसलो.

दोन टर्मिनल उघडली. एकात नवा पीआयडी नेमस्पेस आणि नव्याने जोडलेलं 'प्रॉक' घेऊन शेल सुरू केला. 'पीएस' विचारलं तर दोनच ओळी: शेल आणि खुद्द 'पीएस'. शेलचा क्रमांक 1! उबुंटूवर हा मान सिस्टमडीचा. दुसऱ्या टर्मिनलमध्ये पाहिलं तर तोच शेल पाच आकडी क्रमांक घेऊन बाकीच्या गर्दीत उभा. आत एक 'स्लीप' लावला आणि बाहेरून मारला, लगेच गेला. आतून बाहेरचा क्रमांक मारायला गेलो तर उत्तर आलं, अशी प्रक्रियाच नाही.

तेव्हा उलगडलं. लिनक्सच्या कर्नलमध्ये 'कंटेनर' नावाची वस्तूच नाही. आहेत त्या साध्या प्रक्रिया. त्यांना काय दिसावं हे नेमस्पेस ठरवतो, किती खावं हे सीग्रुप.

मग अल्पाइन लिनक्सची काही एमबींची फाइलव्यवस्था उतरवली आणि 'सीएचरूट'ने तिच्यात शिरलो. ओळखीची फाइल म्हणते, मी अल्पाइन. 'यूनेम' मात्र उबुंटूचाच कर्नल सांगतं. दुसरा कर्नल सुरूच होत नाही, म्हणून तर हे हलकं.

सगळ्यात मजा सीग्रुपची. ठरलेल्या जागी रिकामा फोल्डर केला की कर्नल स्वतःच त्यात फायली मांडून ठेवतो. स्मृतीच्या फाइलमध्ये पन्नास एमबी लिहिलं, स्वॅपची मर्यादा शून्य केली (नाहीतर प्रोग्रॅम गुपचूप डिस्कवर पसरतो) आणि सतत वाढणारी पायथनची यादी तिथे सोडली. क्षणभरात 'किल्ड'. बाकी लॅपटॉपला पत्ताही नाही.

भाचीला वाटायचं, हे सगळं 2013 साली डॉकरबरोबर आलं. पण 'सीएचरूट' 1979 च्या युनिक्समधला, फ्रीबीएसडीची 'जेल' 2000 ची. गूगलमधल्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी 2006 मध्ये सुरू केलेलं सीग्रुपचं काम 2008 च्या जानेवारीत कर्नलमध्ये आलं, आणि त्याच वर्षी एलएक्ससी हे कंटेनर चालवायचं साधन. डॉकरचं खरं श्रेय मला वाटतं बांधाबांधीचं: प्रोग्रॅम त्याच्या लवाजम्यासकट एका प्रतिमेत भरून कुठेही पाठवता येतो. तेही थोडं नाही, एलएक्ससी वापरून पाहिलं की त्याची किंमत कळते.

कर्नल सामाईक असला की त्यातलं भोकही सामाईक. सातपूरला ईएसडीएसचं डेटा सेंटर आहे. अशा ठिकाणी एकमेकांना न ओळखणाऱ्या गिऱ्हाइकांमध्ये व्हर्च्युअल मशीनची जाड भिंतच असावी, असं माझं मत. माझ्या दोन आवृत्त्या मात्र एकाच घरातल्या. त्या आता वेगवेगळ्या पोर्टवर शेजारी-शेजारी चालतात, चाचणीच्या आवृत्तीला स्मृतीची मर्यादा घातलेली आहे.

बारकोडचा प्रोग्रॅम तेवढा विंडोजचा. लिनक्सच्या कर्नलवर तो थेट चालणार नाही, कंटेनर कितीही सुबक बांधा. त्याची तपासणी अजूनही स्टोअरच्याच संगणकावर, दुसरी पाळी सुटल्यावर.