विमानांचा खेळ आणि प्रक्षेपांची शिस्त

संगणकावरील खेळाविषयी या ठिकाणी लिहावे की नाही, असा संकोच आम्हास बराच काळ होता. परंतु वर्गात इतकी वर्षे पाठचिकित्सा शिकवूनही तिचा जो धडा आम्हास पुरता उमगला नव्हता, तो एका खेळाने शिकवला. तेव्हा लिहिणे प्राप्त आहे.

खेळाचे नाव ‘इल-२ स्टुर्मोव्हिक’. दुसऱ्या महायुद्धातील सोव्हिएत हल्लेखोर विमानाभोवती २००१ साली रशियात रचलेला हा हवाई युद्धाचा खेळ. २००६ मध्ये त्याची ‘१९४६’ ही एकत्रित आवृत्ती निघाली. पुढल्याच वर्षी हौशी मंडळींनी खेळाच्या बंदिस्त फायली उघडल्या आणि जगभरातून नव्या विमानांची, नकाशांची, आवाजांची, रंगांची भर पडू लागली. या भरीस ‘मॉड’ म्हणतात. जळगाव जामोदला तेव्हा भारनियमनाने दिवसाचे तुकडे पडत. वीज असेल तेवढ्या वेळात, भाच्याने खामगावहून डीव्हीडीवर आणलेले मॉड आम्ही दोघे चढवीत असू. खिडकीबाहेर सातपुडा उन्हात तापलेला असे आणि पडद्यावर रशियातले बर्फ.

आरंभी आम्ही मिळेल ते मूळ फोल्डरात ओतले. एके दिवशी खेळ सुरूच होईना. कोणती फाईल मूळची आणि कोणती मागाहून आलेली, हे सांगण्यास काहीच साधन उरले नव्हते. सारे पुसून पुन्हा मांडावे लागले. मग ‘जेएसजीएमई’ नावाचा एक छोटा प्रोग्राम हाती आला. तो प्रत्येक मॉड स्वतंत्र फोल्डरात ठेवतो. चढवताना मूळ फाईल बाजूला जपतो. तीच फाईल आधीच्या मॉडने बदललेली असल्यास सावध करतो. आणि वरचा थर काढल्यावाचून खालचा काढू देत नाही.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यापुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असे बजावले. त्यांच्यापुढे जे पाठ होते, त्यांत भर घालणाऱ्यांनी आपली खूण ठेवली नव्हती. ते लबाड होते असे नव्हे. बहुतेकांनी प्रेमानेच लिहिले असावे. प्रेमाने घातलेला प्रक्षेप ओळखणे सर्वांत कठीण, हे आम्हास घरातच कळले.

१९४४ मध्ये इंफाळच्या आघाडीवर अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय वायुदलाची पहिली स्क्वाड्रन हरिकेन विमाने उडवीत होती. भाच्याने हरिकेनचा नवा रंगलेप तयार केला आणि पंखांवर केशरी, पांढरे, हिरवे वर्तुळ काढले. आम्ही म्हणालो, हे स्वातंत्र्यानंतरचे चिन्ह. तेव्हा त्या आघाडीवर ब्रिटिश वर्तुळातला लाल रंगही काढलेला होता, जपानी विमानाचा भ्रम होऊ नये म्हणून. उरली होती निळी वर्तुळे.

“मामा, विमान आपले पोरं उडवत होते, मंग खूण इंग्रजाची काहून?”

या प्रश्नाला आमच्यापाशी झटकन उत्तर नव्हते. त्याचे वर्तुळ आम्हासही गोड वाटले होते, हे कबूल केले पाहिजे. पण ते राहू दिले असते, तर हा प्रश्न पुढे कोणालाच पडला नसता. परक्या खुणेखाली लढण्यातली त्या तरुणांची अडचण आम्ही रंगाने झाकली असती आणि त्याला आदर म्हटले असते.

शेवटी दोन रंगलेप झाले: एक निळ्या वर्तुळांचा, दुसरा भाच्याचा. दुसरा आम्ही फेकला नाही. तो वेगळ्या फोल्डरात, उतरवून ठेवलेला आहे. वहीत त्यापुढे तारीख आणि ‘कल्पित’ असा शेरा आहे. भर घालण्यास आमची हरकत नाही. आपली सारी परंपरा भरीवरच वाढली आहे. मागे फिरण्याची वाट मात्र शाबूत असावी.