सातबारा बदलण्याआधी

मार्गशीर्ष. खरेदीखताला अवकाश आहे, म्हणून मळ्यातच मुक्काम ठोकलाय. ५० गुंठे, म्हणजे सव्वा एकर. सकाळी हरभऱ्याचे शेंडे खुडतो. हाताला आंब चुरचुरते, पण भाजी फक्कड होते. खुडल्यावर फुटवे वाढतात, म्हणजे घेणाऱ्याचाही फायदाच! रात्रपाळीच्या विजेवर वडील जन्मभर वैतागले. मला मात्र आता बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जाण्यातही मजा येते. विकायचं ठरल्यावरच ही चैन परवडते म्हणा. घेणारा शेजारचाच. बिगरशेतकऱ्याला सहजी शेतजमीन घेता येत नाही, हा कायदा मला आवडतो. विहिरीवरची चिंच तो तोडणार म्हणतो. मी बोललो नाही. ज्वारी हुरड्यात आली की त्यालाही बोलावणार आहे. लसणाची चटणी त्याच्या घरची चांगली असते.