मॉरिशसला जाताय? आधी आईचा औषधांचा डबा उघडा

आधी व्हिसा काढायची भानगड नाही, स्वेटर नकोत, घड्याळ फक्त दीड तास मागे. मॉरिशस म्हणजे एकदम सोप्पी फॉरेन ट्रिप, असा माझा समज होता. निघायच्या चार दिवस आधी, गंगापूर रोडवरच्या आमच्या हॉलमध्ये बॅगा भरताना तो संपला.

आईच्या गुडघेदुखीच्या गोळ्यांच्या पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, ट्रामाडॉल. आपल्याकडे डॉक्टर लिहून देतात, केमिस्ट देतो, आपण घेतो. पण ट्रामाडॉल, कोडीन, क्लोनाझेपाम, डायझेपाम असली औषधं मॉरिशसमध्ये न्यायची तर तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. नुसती चिठ्ठी दाखवून भागत नाही. ड्रग्जच्या बाबतीत हा देश अजिबात गंमत करत नाही. सिगारेट वळायचे कोरे कागद न्यायलासुद्धा बंदी आहे. (बॅचलर गँगने नोंद घ्यावी.)

चार दिवसांत कसली परवानगी मिळणार? डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी गोळी बदलली, नी-कॅप दिली आणि बाकीच्या औषधांची इंग्रजीत यादी करून सही-शिक्का मारला. आई म्हणाली, "पंधरा वर्षं घर चालवलं मी या गुडघ्यांवर, आता तुझ्या गुगलला विचारून गोळी घ्यायची का?" तिकीट कॅन्सल कर म्हणून बसली. मी नाही केलं. ते बरोबर होतं का, हे ट्रिपभर मनात होतंच.

दुसरं भांडण दूर्वांवरून. तिथे गणपतीला जुडी वाहायची म्हणून आईने ओल्या फडक्यात बांधून घेतलेली. रोपं, बिया, फांद्या यांना तिथे आयात परवाना लागतो, हे बेटांचं सगळीकडेच असतं. बाहेरची एखादी कीड शिरली तर उसाचं काय व्हायचं? दूर्वा घरीच राहिल्या. चिवड्याच्या पाकिटांना मात्र कुणी हात लावला नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक असू द्या. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग प्रिंट काढून हातात ठेवा, इमिग्रेशनवाले विचारतात. ट्रॅव्हल डिजिटल फॉर्म आधीच भरायचा, तो फुकट आहे. इन्शुरन्स घेताना आधीपासूनच्या दुखण्याला कव्हर आहे का ते वाचा. मी एजंटला तीनदा विचारलं, तेव्हा कुठे तो "चेक करून सांगतो" म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आरोग्य खात्याचा माणूस दारात. भारतातून आलात, मलेरियासाठी रक्त तपासायचंय. आई भडकलीच, "आम्ही काय रोगट आहोत?" पण त्यांचंही बरोबर आहे. १९७३ मध्ये हा देश मलेरियामुक्त जाहीर झाला आणि १९७५ च्या चक्रीवादळानंतर मलेरिया पुन्हा उसळला. तेव्हापासून डास आणि पाहुणे, दोघांवरही लक्ष. बोटाला टोचलं, दोन मिनिटांत काम झालं. मलेरियापेक्षा आपल्याला तिथे डेंग्यू-चिकुनगुन्याचीच काळजी जास्त, त्यामुळे डास पळवायचं क्रीम आणि फुल बाह्या हव्यातच.

आता समुद्र. बेटाभोवती प्रवाळांची भिंत आहे, म्हणून आतलं पाणी शांत. दक्षिणेला सुईयाकजवळ ग्री-ग्रीला ती भिंत तुटते. तिथे फोटो काढा, पाण्यात उतरू नका. उथळ पाण्यातही रबरी सोल असलेले बूट घाला. स्टोनफिश नावाचा मासा हुबेहूब दगडासारखा पडून असतो आणि त्याच्या पाठीचे काटे विषारी. काटा लागलाच तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात ठेवून थेट हॉस्पिटल. अँब्युलन्सचा नंबर ११४.

नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा सीझन. इशारे एक ते चार क्लासमध्ये येतात. तीनला सगळं बंद व्हायला लागतं, तेव्हा हॉटेलातून हलायचं नाही. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळात राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या वाहत होत्या. स्वस्त पॅकेज का स्वस्त आहे, ते कॅलेंडर बघून कळेल.

पोर्ट लुईचा आप्रवासी घाट आईला बघायचाच होता. २ नोव्हेंबर १८३४ ला कलकत्त्याहून आलेल्या 'अ‍ॅटलस' जहाजातले ३६ मजूर इथे उतरले. पुढे मुंबई बंदरातूनही जहाजं आली, त्यात रत्नागिरी-सावंतवाडीकडची आपली माणसं. उसाच्या मळ्यांसाठी. बंदरावरच्या त्या सोळा दगडी पायऱ्या अजून आहेत. आईचा गुडघा सकाळपासून ठणकत होता, नवी गोळी काही उपयोगाची नव्हती. ती पायऱ्यांकडे बघत बाकावर बसून राहिली. "यांना कुणी विचारलं असेल का गं, औषध काय आणलंय म्हणून?" एवढंच म्हणाली.

तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. संध्याकाळी विसर्जनाच्या गर्दीत नऊवारी नेसलेल्या एका आजींनी आईला लंगडताना पाहिलं. त्या क्रिओल बोलत होत्या, आई मराठी. मध्ये आरतीपुरती दोघींची भाषा एक झाली. त्यांनी पिशवीतून तेलाची बाटली काढली, आईला खुर्चीत बसवलं आणि गुडघा चोळायला सुरुवात केली. तेल कसलं, ते मी विचारलं. त्यांनी सांगितलेलं नाव मला कळलं नाही.

आई म्हणाली, "विचारू नकोस. चोळू दे."