गिरनारच्या पायथ्याचा पिंजरा

पहाटेच्या काळोखात भवनाथ तळेटीवरून गिरनारची पहिली पायरी चढणारा यात्रेकरू मनोमन बावीसाव्या तीर्थंकरांचे नामस्मरण करीत असतो. 2020 पासून रोपवेची सोय झाली असली, तरी अनेक भाविक आजही हजारो पायऱ्या पायीच चढतात. भगवान नेमिनाथांची दीक्षा, केवलज्ञान आणि निर्वाण ही तीनही कल्याणके याच पर्वताशी निगडित आहेत. त्यांच्या वैराग्याची कथा तर जैन घरातील लहान मुलांनाही ठाऊक असते. राजुलशी विवाह करण्यास वरात निघाली असता, मेजवानीसाठी वाड्यात कोंडलेल्या पशूंचा आक्रोश नेमिकुमारांच्या कानी पडला. त्यांनी पशूंना मुक्त करविले आणि रथ माघारी वळविला.

दर्शन आटोपून खाली उतरलेली कुटुंबे मुलांच्या आग्रहास्तव पुष्कळदा राजकोट रस्त्यावरील सक्करबाग प्राणिसंग्रहालयात जातात. सकाळी कोंडलेल्या पशूंच्या मुक्तीचे स्मरण करावयाचे आणि दुपारी त्याच नगरीत तिकीट काढून कोंडलेले पशू पाहावयाचे, हा विरोध संवेदनशील मनास टोचल्यावाचून राहत नाही. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत ‘बंध’ म्हणजे जीवाला बांधून वा कोंडून ठेवणे याची गणना आहे. मग हा पिंजरा कशासाठी?

सक्करबागेची स्थापना 1863 मध्ये जुनागढच्या नवाबांच्या काळात झाली. त्या काळी प्राणिसंग्रहालय म्हणजे दरबाराचे वैभव आणि प्रजेचे कुतूहल. प्राण्याच्या सुखदुःखाचा विचार त्यात क्वचितच असे. ही दृष्टी बदलण्यास दीर्घकाळ लागला. 1992 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले, आणि 1998 च्या राष्ट्रीय धोरणाने वन्यजीवांच्या रक्षणास साहाय्य करणे हेच प्राणिसंग्रहालयांचे मुख्य उद्दिष्ट ठरविले.

सक्करबागेतील सिंह पाहताना हा बदल ध्यानात येतो. एकेकाळी देशातील काही संग्रहालयांत आशियाई आणि आफ्रिकी सिंहांचा संकर होऊन मूळ वंशच गढूळ झाला होता. आज व्यापाऱ्याने खतावणी राखावी तशी प्रत्येक सिंहाची वंशावळ नोंदली जाते. कोणत्या नराची जोडी कोणत्या मादीशी जुळवावी, हे ती नोंद पाहून ठरते. शुद्ध आशियाई सिंहांच्या या कार्यात सक्करबागेकडे समन्वयाची जबाबदारी आहे. सौराष्ट्रातील मुक्त सिंहांची संख्या 2020 मध्ये 674 होती, ती 2025 च्या गणनेत 891 झाली. हे यश मुख्यतः वनरक्षणाचे आणि तेथील लोकांच्या सहिष्णुतेचे आहे. परंतु सारे भांडवल एकाच पेढीत गुंतविण्यातील धोका व्यापारी समाजास सांगावयास नको. 2018 च्या सप्टेंबर महिन्यात गीरच्या दलखाणिया परिक्षेत्रात अवघ्या काही आठवड्यांत 23 सिंह दगावले. त्यांतील काहींच्या शरीरात कॅनाइन डिस्टेम्पर या रोगाचा विषाणू आढळला. अशा आपत्तीत वंश सर्वस्वी बुडू नये, म्हणून राखलेली गंगाजळी म्हणजे हे पिंजऱ्यातील सिंह होत. त्यांतील बहुतेकांना जंगल कधी दिसणार नाही, हे मात्र विसरता येत नाही. वंश वाचतो, परंतु त्याची किंमत एकेक जीव चुकवितो.

सक्करबागेशी निगडित दुसरे कार्य गिधाडांच्या प्रजननाचे आहे. ते पाहिल्यावर मूळ प्रश्नाचे उत्तर थेट श्रावकाच्या दारी येते. 1990 नंतरच्या दोन दशकांत भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे 99 टक्क्यांहून अधिक घटली. त्यांना कोणी शिकाऱ्याने मारले नाही. गुरांच्या वेदना शमविण्यासाठी दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मृत गुराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाई आणि त्याचे मूत्रपिंड निकामी होई. 2004 मध्ये हे कारण उघड झाले, 2006 मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. परंतु गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते. त्यामुळे उरलेल्या पक्ष्यांना सुरक्षित ठिकाणी वाढविण्यावाचून गत्यंतर नव्हते. हरियाणातील पिंजोर केंद्रात वाढलेली गिधाडे अलीकडे महाराष्ट्रातील पेंच आणि ताडोबा येथे आणली गेली, ती आकाशात परत सोडण्यासाठीच.

जुनागढहून गिरनारकडे जाणाऱ्या वाटेवर सम्राट अशोकाचा शिलालेख आहे. त्यात जीवहत्येचा निषेध आहे, आणि मनुष्यांप्रमाणेच पशूंच्याही औषधोपचाराची व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे. तीच परंपरा जैन समाजाने पांजरापोळांच्या रूपाने जिवंत ठेवली. ‘पांजरापोळ’ या शब्दातच पांजरा, म्हणजे पिंजरा आहे. मेजवानीसाठी पशू कोंडणारा वाडा आणि वृद्ध गाईला आसरा देणारी पांजरापोळ, दोन्हींना कुंपणच असते. भेद कुंपणात नसून ते कोणाच्या हितासाठी घातले, यात आहे. प्राणिसंग्रहालयालाही हीच कसोटी लावावी. केवळ करमणुकीसाठी कोंडलेला प्राणी हा आजही ‘बंध’च होय.

मात्र करुणेलाही ज्ञानाची जोड हवी. थकलेल्या गाईला भक्तिभावाने दिलेले औषध दूरच्या पक्ष्याचा प्राण घेऊ शकते. 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅक या औषधांवरही गुरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांसाठी सुरक्षित ठरले आहे. पांजरापोळीस दान देणाऱ्या कुटुंबाने चारा आणि पाण्याच्या चौकशीबरोबरच तेथील पशुवैद्यांना एवढे विचारावे, की वेदनाशामक म्हणून कोणते औषध वापरले जाते? पिंजऱ्यात वाढलेले गिधाड मुक्त झाल्यावर जगेल की नाही, हे बऱ्याच अंशी या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. नेमिकुमारांनी वाड्याचे दार उघडविले. आजच्या श्रावकाला ते दार उघडण्यापूर्वी बाहेरचे आकाश निर्विष करावे लागेल.