दगडाला डोळा

एल कमिनो रिआलवर डोसे खाऊन सनीव्हेलमधल्या घरी परतताना एक साधीशी, बुटकी इमारत लागते. भारतातून पाहुणे आले की मी तिथे गाडी हळू करते आणि भक्तिभावाने सांगते, "हे बघा, १९७२ साली पाँगचं पहिलं मशीन इथे ठेवलं होतं." पाहुणे "हो का?" म्हणतात आणि ॲपलचं ऑफिस अजून किती लांब आहे ते विचारतात. तेव्हा इथे अँडी कॅप्स टॅव्हर्न नावाचा गुत्ता होता; नंतर त्याचा कॉमेडी क्लब झाला. अटारीच्या ॲलन अल्कॉर्न यांनी बनवलेलं ते मशीन थोड्याच दिवसांत बंद पडलं. उघडून बघितलं तर नाण्यांचा डबा ठासून भरलेला! काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या काड्या आणि एक ठिपका, एवढंच त्यात दिसायचं. तरी हे टेबल टेनिस आहे असं कोणाला समजावून द्यावं लागलं नाही.

मी पोटासाठी याच्या बरोबर उलटं काम करते. आईच्या शब्दांत सांगायचं तर माझी डॉक्टरेट 'दगडावर' आहे. संगमरवरात किंवा दुधात शिरलेला प्रकाश आत इकडेतिकडे भटकतो आणि भलत्याच ठिकाणाहून बाहेर पडतो. ते परवडेल इतक्या गणितात बसवण्याची एक रीत २००१ साली हेन्रिक वान येन्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांडली. तिच्या एका कोपऱ्यात मी पाच वर्षं घासली. आता नोकरीत मी असं सॉफ्टवेअर लिहिते की दगडाचे मोबाइलवर काढलेले चाळीसेक फोटो द्यावेत आणि गेममध्ये ठेवण्याजोगा दगड तयार मिळावा.

धाकटा भाऊ पुण्यात एका कंपनीत परदेशी गेमसाठी दगड, पिंपं, शेवाळलेल्या भिंती बनवतो. हाताने. "दोन्ही पोरं शिकून सवरून दगड फोडतात" हा बाबांचा ठरलेला विनोद.

मी शिकायला इकडे आल्यावर आम्हा दोघांचं बोलणं फोनपेक्षा वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये जास्त व्हायचं. त्याची रात्र, माझी सकाळ, आणि पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक वाराला अर्धा सेकंद उशीर. तो टॉरेन व्हायचा, म्हणजे बैलतोंड्या. चाळीस माणसांच्या गर्दीत किंवा पार डोंगराच्या टोकावर उभा असला तरी नुसत्या खांद्यांवरून ओळखू यायचा. नाव वाचायची गरजच नव्हती.

नोव्हेंबर २००४ मध्ये पंधरवड्याच्या अंतराने दोन मोठे ऑनलाइन गेम आले. आधी एव्हरक्वेस्ट २, मग वॉरक्राफ्ट. 'खरं' दिसण्याच्या बाबतीत पहिला सरस होता. त्याची वरची सेटिंग्ज तर पुढच्या काळातल्या मशीनसाठी राखून ठेवली होती. वॉरक्राफ्टवाल्यांनी मोजकेच बहुभुज वापरले आणि ऊन-सावली सरळ रंगातच रंगवून टाकली. लोक त्याला कार्टून म्हणून हसले. ऑक्टोबर २०१० मध्ये त्याचे वर्गणीदार १ कोटी २० लाख झाले. ते काही फक्त चित्रांमुळे नव्हे, हे मान्य. पण आज दोन्ही गेमची तेव्हाची चित्रं शेजारी ठेवून बघा. एकातले चेहरे मेणाचे वाटतात, दुसऱ्यातले जसे होते तसेच आहेत. खऱ्याची नक्कल करणाऱ्याला दरवर्षी नवीन, जास्त तगडा स्पर्धक भेटतो. ज्याने आपलं जग आपणच ठरवलंय त्याला कोण हरवणार?

याहून बोलकी गोष्ट फायनल फँटसी १४ ची. २०१० साली हा गेम आला आणि सपशेल आपटला. पुढे तो ज्यांनी सावरला त्या नाओकी योशिदांनी सांगितलं की त्यातल्या एका फुलाच्या कुंडीत १,००० बहुभुज आणि १५० ओळींचा शेडर होता, म्हणजे खेळणाऱ्या माणसाच्या आकृतीइतकाच! साहजिकच पडद्यावर एका वेळी वीसच माणसं मावत. ऑनलाइन गेममध्ये माणसं कमी आणि कुंड्या देखण्या! शेवटी २०१२ मध्ये ते जग बंद करून २०१३ मध्ये नव्याने उभारावं लागलं. आमच्या ग्रूपमध्ये कोणी नको तिथे तपशील वाढवायला लागला की मी "कुंडी झाली" म्हणते. आता तिथले चिनी सहकारीसुद्धा 'कुंडी' म्हणतात.

अलीकडे तर दगड बनवायचीही गरज उरली नाही. क्विक्सेल कंपनी जगभर फिरून खडक स्कॅन करायची. २०१९ मध्ये एपिकने ती विकत घेतली आणि ते सगळं भांडार अनरियल वापरणाऱ्यांना फुकट दिलं, २०२४ संपेपर्यंत. उत्तम काम, माझ्याच धंद्यातलं. पण त्यामुळे आइसलँडचा कातळ एल्फांच्या राज्यात, राक्षसांच्या गुहेत आणि मंगळावरही दिसायला लागला.

वास्तवदर्शी म्हणजे वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्या देवघरातली लक्ष्मी रविवर्म्याची. तेलरंगातली ती खरीखुरी वाटणारी बाई देवी म्हणून पहिल्यांदा समोर आली तेव्हा लोक चकित झाले असतील. मग १८९४ मध्ये मुंबईत त्यांचा छापखाना निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि लक्ष्मी घरोघर, कॅलेंडरवर, आगपेटीवर पोचली. नवलाई पाहून पाहून बोथट होते. आता वॉरक्राफ्टची नक्कल करणाऱ्या मोबाइल गेममध्येही तेच मोठे हात आणि तोच जांभळा उजेड असतो, त्याचाही कंटाळा येतोच.

आमचं आजोळ कुडाळ तालुक्यात. लहानपणी पिंगुळीला चित्रकथी बघितली होती. ठाकर समाजाची ही कला. परशुराम गंगावणे यांना तिच्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. सुट्या कागदांची पोथी असते, एकेक चित्र समोर धरून गोष्ट गायची. जाड काळी रेघ, एका बाजूने दिसणारा चेहरा आणि त्यात हा एवढा डोळा. मागच्या रांगेतल्यालाही रावण कोण ते कळलं पाहिजे ना! टॉरेनचे खांदे आणि हा डोळा एकाच गरजेतून आलेत, हे मला इथे येऊन उमगलं. भावाला तेव्हाच कळलं असावं, कारण तो महिनाभर आजीच्या घराच्या भिंतीवर कोळशाने डोळे काढत होता आणि त्यासाठी त्याने मारही खाल्ला होता.

२०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' आला. "ताई, धाकट्या भावाला शोधणाऱ्या बहिणीची गोष्ट आहे, मुकाट्याने विकत घे," असा हुकूम आला. घेतला. हाताने रंगवलेल्या भिंती, पहाडी चित्रांची वळणं, मधली कथा कळसूत्री सावल्यांतून. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर पैसे मागितले होते, ते जमले नव्हते. तरीही गेम झाला. महाल सगळे राजस्थानी, एखादा वाडा असता तर काय बिघडलं असतं, हे माझं पुणेरी कुरकुरणं. भाऊ मात्र दोन दिवस काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे आपल्या गावात बसून केलंय गं."

गेल्या महिन्यात रविवारच्या कॉलवर मी त्याला आमच्या सॉफ्टवेअरचा डेमो दाखवला. हौसेने. बागेतल्या दगडाचे फोटो टाकले, चहा गाळून होईपर्यंत दगड तयार. शेवाळ, ओल, सगळं जागच्या जागी.

"मला याला चार दिवस लागतात," तो म्हणाला.

मी गप्प.

"छान आहे गं, खरंच. पण मग आम्ही काय करायचं?"

माझ्याकडे उत्तर होतं. डेमोनंतर असं कोणी विचारलं तर द्यायचं असतं ते, कलाकाराला कंटाळवाण्या कामातून मोकळं करण्याबद्दलचं. ते भावाला देववेना. आईने कॅमेऱ्यासमोर येऊन "जेवलीस का?" विचारलं आणि सुटका केली.

चार दिवसांनी त्याची फाइल आली. एक दगड. चारी बाजूंनी जाड काळी रेघ, आत गेरूचा रंग आणि मधोमध पिंगुळीचा डोळा. खाली लिहिलं होतं, "याला लागले पाच दिवस."

मी तो दगड सगळ्या बाजूंनी रेंडर केला आणि ती चित्रं आमच्या सॉफ्टवेअरला दिली. त्याने प्रामाणिकपणे काम केलं. रेघेला सावली समजून पुसलं, डोळ्याला डाग समजून बुजवलं आणि बागेतल्यासारखा छान करडा दगड परत दिला.

बग नोंदवलाय. माझ्याच नावावर आहे. प्राधान्याचा रकाना मात्र अजून रिकामाच आहे. दोनदा भरायला घेतला आणि तसाच ठेवला.