ओढ्यातला पाचोळा

फाल्गुन लागला, की सह्याद्रीच्या उतारावरील राने आपली पाने उतरवू लागतात. साग, ऐन, पळस अशी झाडे एकामागून एक उघडी होतात. बहुतेक वर्षी याच सुमारास आपला उपवासकाळ चालू असतो. कपाळावर राखेची खूण घेऊन आपण आपल्या मातीपणाचे स्मरण करतो, तेव्हा बाहेर रानही मातीकडे निघालेले असते. या दिवसांत मला दरवर्षी एक ओढा आठवतो आणि त्याच्या काठी माझ्या हातून घडलेली एक चूकही आठवते. ती आज वाचकांपुढे मांडावी असे वाटते.

गुरुदीक्षा होऊन चार वर्षे झाली होती. २००२ साली माझी नेमणूक तेव्हाच्या ठाणे, आताच्या पालघर जिल्ह्यातील एका डोंगराळ मिशनवर झाली. तेथील लहानशा चॅपेलमागून एक ओढा वाहत असे. उन्हाळ्यात त्याची धार तुटे आणि मागे चार-पाच डोह उरत. काठावर करंज, उंबर आणि जांभळीची जुनी झाडे होती. त्यांची पाने डोहांत पडून काळी होत आणि तळाशी त्यांचा हातभर थर साचे.

माझे बालपण वसईतील वाडीत गेले. पहाटे अंगण झाडायचे आणि पाचोळ्याचा ढीग करून पेटवायचा, हा स्वच्छतेचा पहिला धडा आम्ही आईकडून शिकलो. चॅपेलचा सण जवळ आला, बिशप यायचे ठरले, तेव्हा तो कुजका पाला मला डोळ्यांना खुपू लागला. मी युवकांना गोळा करून श्रमदान काढले. दोन दिवसांत डोह तळापर्यंत उपसून निघाले. पाला काठावर वाळवून जाळला. पाने पुन्हा पडू नयेत म्हणून पाण्यावर झुकलेली झाडे तोडविली आणि त्या जागी सिमेंटच्या पायऱ्या बांधल्या. ओढा आरशासारखा लख्ख दिसू लागला.

एक वारली म्हातारी दगडावर बसून आमचे काम पाहत होती. ती शांतपणे म्हणाली, “फादर, पाला सगळा नेला. आता चिंबोऱ्या काय खातील?”

मी हसलो. सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकून आलेल्या माणसाला खेकड्यांच्या जेवणाची काय पर्वा! सण थाटात झाला. बिशपांनी परिसराच्या स्वच्छतेची वाखाणणी केली आणि मी मनातून सुखावलो.

पुढच्या पावसाळ्यात मुले टोपल्या घेऊन ओढ्यावर गेली आणि जवळजवळ रिकाम्या हातांनी परतली. त्यानंतरच्या वर्षीही तेच झाले. सावली गेल्याने डोहांचे पाणी उन्हाने तापे, दगडांवर हिरवे शेवाळ चढे. पाऊस कमी झाला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पुढे माझी बदली झाली आणि मी तो ओढा विसरलो.

तो पुन्हा आठवला तो दोन वर्षांपूर्वी. आमच्या धर्मग्रामातील प्राणिशास्त्राच्या एक प्राध्यापिका युवकांना घेऊन डोंगरपायथ्याच्या एका ओढ्यावर निघाल्या होत्या. मीही सोबत गेलो. त्यांनी पाण्यातून ओंजळभर कुजलेला पाला उचलला, पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवला आणि वरून पाणी ओतले. क्षणभर काही दिसेना. मग ट्रेचा तळ हलू लागला. तीन शेपट्यांची मेफ्लायची पिल्ले, चतुराची दबा धरून बसणारी पिल्ले, नखाएवढ्या गोगलगायी! पानाचा एक तुकडा तर आपण होऊन चालू लागला. तो उलटून पाहिला, तेव्हा आत कॅडिसफ्लायची अळी होती. तिने पानाचेच दोन लंबगोल तुकडे कापून, जोडून आपले घर केले होते. ज्या पानाने तिला अन्न द्यावे, त्यानेच निवाराही दिला होता.

परतीच्या वाटेवर बाईंनी सांगितले, ते मी नंतर वाचूनही पाहिले. पान पाण्यात पडले, की पहिल्या एक-दोन दिवसांत त्यातील विरघळणारी द्रव्ये निघून जातात. काही झाडांच्या पानांचे पाव वजनही असे उतरते. नंतर त्यावर बुरशी वसते. १९४२ साली इंग्लंडमधील लेस्टरशायरच्या एका ओढ्यातील कुजक्या पानांवर टेरेन्स इंगोल्ड यांना अशा पाणबुरशींचे एक अख्खे जग सापडले. त्यांतील अनेकींच्या बीजाणूंना चार बाहू असतात. वाहत्या पाण्यात नांगर टाकावा, तसे ते पानाला अडकतात. आपल्या पश्चिम घाटातील ओढ्यांतल्या या बुरशींचा मंगळूर विद्यापीठातील के. आर. श्रीधर यांनी सहकाऱ्यांसह दीर्घकाळ अभ्यास केला आहे. बुरशी पान मऊ करते आणि त्यात पोषण भरते. कॅनडात काम करणारे नरिंदर कौशिक आणि त्यांचे गुरू हाइन्स यांनी १९७१ साली दाखवून दिले, की कुजताना पानांतील प्रथिनांचे प्रमाण वाढते आणि ते मुख्यतः बुरशीमुळे. कीटकांना कोऱ्या पानापेक्षा असे मुरलेले पान अधिक आवडते. कोरडी भाकरी आणि कालवण लावलेली भाकरी यांत जेवढा फरक, तेवढाच हा.

मग पान फोडणारे येतात. उष्ण प्रदेशातील ओढ्यांत या कामात खेकड्यांचा वाटा मोठा असतो. त्यांनी सांडलेला चुरा आणि त्यांची विष्ठादेखील प्रवाहाबरोबर खाली जाते. तेथे दगडांना धरून राहिलेले दुसरे जीव जाळी विणून किंवा तोंडाजवळच्या पंख्यासारख्या केसांनी ते कण गाळून खातात. त्यांना चतुराची पिल्ले व मासे खातात. दाट सावलीतल्या ओढ्यात शेवाळ फारसे वाढत नाही, त्यामुळे तेथील सारा संसार मुख्यतः गळलेल्या पानांवर चालतो. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरच्या बेअर ब्रुक या ओढ्याचा १९७३ साली हिशेब मांडला गेला, तेव्हा त्याची ९९ टक्क्यांहून अधिक ऊर्जा भोवतालच्या रानातून येते असे आढळले. नॉर्थ कॅरोलिनात कोवीटा येथे तर १९९३ पासून एका ओढ्यावर जाळे पसरून पाने पडूच दिली नाहीत. पाने खाणारे जीव घटलेच, पण त्यांना खाणारेही घटले.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटले. शास्त्रज्ञांनी जाळे पसरून जे ताडून पाहिले, ते मी सणाच्या हौसेपोटी दोन दिवसांत करून बसलो होतो. आणि जे म्हातारीने एका वाक्यात सांगितले होते, त्याला मी हसलो होतो.

गेल्या वर्षी त्या गावी गेलो. म्हातारी वारून बरीच वर्षे झाली होती. तिच्या सुनेने ओळखले, काळा चहा दिला. मी धीर करून विचारले, “ओढ्यात चिंबोऱ्या मिळतात का गं?”

“इथं कुठं, फादर? आम्ही वरच्या ओढ्यावर जातो. तासभर चालायला लागतं.”

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. म्हणूनच मला ते अधिक लागले. पावसाच्या पहिल्या आठवड्यांत घरातले धान्य संपत आलेले असताना चिंबोऱ्यांचे कालवण या घरांना केवढा आधार असतो, हे मी तेथे सहा वर्षे राहून पाहिले होते. मी तिला सारे सांगितले आणि क्षमा मागितली. ती जरा गोंधळली, मग म्हणाली, “तुम्हाला ठाऊक नव्हतं.” ठाऊक नव्हते हे खरे, पण ज्यांना ठाऊक होते, त्यांना मी विचारले नव्हते.

या पावसाळ्यात गावातील मुलांसोबत ओढ्याकाठी करंज, उंबर आणि जांभळाची रोपे लावली. काही गुरांनी खाल्ली, काही जगली आहेत. त्यांची सावली डोहावर पडायला पंधरा-वीस वर्षे तरी लागतील. तोवर मी निवृत्त धर्मगुरूंच्या निवासात असेन किंवा मातीत.

माझ्या आताच्या चर्चच्या आवारातला पाचोळा आम्ही जाळत नाही; झाडांच्या बुंध्याशी पसरतो. आवार पूर्वीसारखे नीटनेटके दिसत नाही, अशी कुरकूर सॅक्रिस्टन अधूनमधून करतात. त्यांचे म्हणणे मला पटते, तरी मी ऐकत नाही. वर्षातून एकदाच, राखेच्या बुधवारासाठी, आदल्या वर्षीच्या झावळ्यांची सुकलेली पाती आम्ही जाळतो. तेवढीच.